वस्तीच्या बळावर विकास: भागीदाराशी बोलणी कशी करावी?

प्रश्न: कोल्हापुरातील आमच्या पेठेत तालीम, महिला बचत गट आणि चपलांचे कसबी कारागीर आहेत, एक कंपनी सामाजिक दायित्व निधी देण्यास तयार आहे, मात्र ती केवळ गरजांची यादी मागते. काय करावे?

उत्तर १: आधी वस्तीतील कौशल्ये, जागा आणि संस्था यांची नोंद करा. जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या अमेरिकी समाजविकास अभ्यासकांनी १९९३ मध्ये हाच क्रम मांडला. बाहेरची मदत त्यानंतर, पूरक म्हणून.

उत्तर २: सहमत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे नाव ठरावीक भागात बनलेल्या अस्सल चपलेलाच लावता येते. त्यामुळे यंत्रे देऊन निघून जाणाऱ्यापेक्षा कारागिरांना थेट बाजारपेठेशी जोडणारा भागीदार मला मोलाचा वाटतो. निर्णयाचा अधिकार वस्तीच्या समितीकडेच राहील, हे करारात अवश्य लिहून घ्या.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नोंदीसाठी तालमीतच बैठक बोलावतो.