फाफेला मोठा केलात, मग मुलांचा सिनेमा कुठे गेला?

उनाड_पाटी
परवा एका गटात एका गृहस्थांनी ज्ञान पाजळलं. सारांश असा: 'मुलांच्या पुस्तकावर सिनेमा काढायचा तर नायकाला मोठं करावंच लागतं. तिकिटं आईबाप काढतात, त्यांना थरार पाहिजे. 2017 च्या फास्टर फेणेनं हे दाखवून दिलं, बाकीच्यांनी शिकावं.' खाली सगळे माना डोलावतायत. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते मारुतीच्या शेपटासारखं लांबत गेलं म्हणून इथे टाकतोय.

फास्टर फेणे, म्हणजे आपला फाफे, हा सिनेमा वाईट होता असं माझं म्हणणं नाही. अमेय वाघ छान, गिरीश कुलकर्णींचा अप्पा तर अंगावर काटा आणतो. दिलीप प्रभावळकरांना साक्षात फाफेचे लेखक भा. रा. भागवत म्हणून पडद्यावर आणणं ही कल्पनाही झकास. पण मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा घोटाळा, त्यात गेलेला एक पोरगा, गुंड, धमक्या हे सगळं कोणासाठी? मी भाचीला घेऊन गेलो होतो, तेव्हा ती तिसरीत. तिच्या डोक्यात पुस्तकातला काटकुळा, शाळकरी, सायकल हाणणारा बन्या, म्हणजे फाफे. अर्धा तास झाल्यावर माझ्या कानाशी येऊन विचारते, 'मामा, फाफे कधी येणार?' म्हटलं, अगं हाच तो. मध्यंतरानंतर ती खुर्ची वर-खाली करत बसली. तिच्या वजनाला ती खुर्ची नीट उघडतही नव्हती, हा अजून एक मुद्दा.

आणि 'करावंच लागतं' म्हणजे काय? हॅरी पॉटरवाल्यांनी 2001 मध्ये अकरा वर्षांचं पोरगं उभं केलं आणि 2011 पर्यंत आठ सिनेमांत त्याला आपल्या डोळ्यांदेखत वाढू दिलं. आधी लहान दाखवा, मग खुशाल मोठा करा. आपण थेट बारावी पास करून आणला. बरं, तिकडे पैसा आहे म्हणाल, तर सत्यजित राय यांच्याकडे कुठे होता? आजोबांच्या गोष्टीवर 1969 मध्ये गुपी-बाघा काढला, कलकत्त्यात ठाण मांडून चालला. 1974 मध्ये स्वतःच्याच पुस्तकावर सोनार केल्ला काढला, त्यात सगळी गोष्ट एका लहान पोराच्या आठवणींवर उभी आहे.

आपल्याकडे कौटुंबिक सिनेमा म्हणजे आईबापांचं बालपण आईबापांनाच विकायचं आणि वर पोरांच्या तिकिटाचेही पैसे घ्यायचे.

खडीसाखर
तुमची भाची तिसरीत मराठी पुस्तकं वाचत होती हे वाचून गहिवरले. अल्पसंख्याकांत मोडता तुम्ही, दाखला काढून ठेवा.

लहान मुलांना घेऊन काढले की सिनेमे! 2009 मध्ये बोक्या सातबंडे आला, 2012 मध्ये चिंटू, पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भाग. सगळ्यांत नायक पोरंच होती ना? गेलात बघायला? मी सोसायटीतली सगळी टोळी घेऊन चिंटूला गेले होते. दोन रिक्षा, पाण्याच्या बाटल्या, एकीला वाटेत उलटी. थिएटरात आम्ही सोडून मोजकी डोकी. आज गळे काढणारे तेव्हा घरी टीव्हीवर येण्याची वाट बघत होते. निर्माता काय धर्मादाय संस्था चालवतो? खुद्द भागवतांनी 'बालमित्र' मासिक पदरमोड करून चालवलं, त्याचं पुढे काय झालं तेही सांगा की.

आणि सोनार केल्लातला डिटेक्टिव्ह फेलूदा लहान आहे? चारमिनार सिगारेट ओढणारा चांगला बाप्या माणूस आहे तो. उदाहरण देताना जरा बघून द्यावं.

उनाड_पाटी
फेलूदा मोठा आहे, पण गोष्ट सांगणारा तोपशे शाळकरी आहे आणि ज्याच्यामुळे सगळे राजस्थानात जातात तो मुकुल त्याहून लहान. मुलाला शिरायला दार ठेवलंय तिथे. आपल्या फाफेत ते दार म्हणजे भूभू नावाचं एक पोरगं. गोड आहे, पण तोंडी लावण्यापुरतं.

चिंटू आमच्या तालुक्याला लागलाच नाही. पुण्या-मुंबईच्या बाहेरही लोक राहतात.

फुरसुंगीचा_बन्या
फाफे आमच्या गावचा, तेव्हा आमचंही ऐका. पुस्तक वाचलेला कोणीही गावाचं नाव ऐकलं की फाफेसारखं 'ट्टॉक' करून हसतो. या कधीतरी, कचरा डेपोचा वास घ्या, मग ट्टॉकच काय, तोंडही उघडणार नाही. अख्ख्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं आमच्या आणि उरुळी देवाचीच्या डोक्यावर. आधी महापालिकेत घातलं, मग 2024 मध्ये बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली, या सगळ्यात आम्ही टँकरची वाट बघत राहिलो. बन्याचा खरा पराक्रम दाखवायचा तर त्याला डेपोवर पाठवा. खलनायक शोधायला लांब जावं लागणार नाही.

खडीसाखर
हा सिनेमा मी बघेन. पहिल्या दिवशी.

लीड्सचा_धोंडू
मी उलट अनुभव सांगतो. माझा मुलगा इथेच जन्मला, पॉटरचे संवाद पाठ. फाफे त्याला घरी लावून दिला, इंग्रजी सबटायटल्ससह. त्याला अमेय वाघ मोठा आहे याचं काहीच वाटलं नाही, त्याच्या लेखी तो मराठी बोलणारा डिटेक्टिव्ह. त्यानंतर पुस्तक पाहिजे म्हणाला. भारतातून येणाऱ्या एकाच्या बॅगेत संच मागवला. त्याला वाचता येत नाही, मी रात्री वाचून दाखवतो, आणि चिनी युद्धाच्या वेळचा नेफातला (आजच्या अरुणाचलमधला) बन्या वाचताना मलाच थांबून नकाशा काढून द्यावा लागला. सिनेमा नसता तर हे झालं नसतं. पुस्तकाकडे नेणारा सिनेमा वाईट कसा?

उनाड_पाटी
वाईट म्हटलंच नाही. मुलांचा नाही म्हटलं. बाकी तुमच्या घरी रोज रात्री भागवत वाचले जातात म्हटल्यावर माझी बोलती बंद. समाधान झालं?

जुना_पिंपळ
तुम्ही सगळे कालची पोरं. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा मुलांच्या पुस्तकावरचा सिनेमा आचार्य अत्र्यांनी 1953 मध्येच काढून ठेवलाय. श्यामची आई. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं त्याला. श्याम झालेल्या माधव वझेला कोणी कॉलेजात घालून आणला नव्हता. आम्हाला शाळेनं रांगेत नेऊन दाखवला, मास्तर स्वतः धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. घरी येऊन सगळी भावंडं आईच्या पाया पडलो. आज असा एक तरी सिनेमा दाखवा.

चिंचगुळी
नको, नको, नको. फाफेवर चाललं होतं ते काय वाईट होतं?

आमच्या आईनं या सिनेमाचा आमच्यावर नाही, आमच्या आजीनं आमच्या आईवर वापर केला. आई नोकरी करायची, संध्याकाळी लोकल पकडून घामेघूम घरी यायची आणि आजी म्हणायची, 'श्यामच्या आईनं पोराचे तळवे मळू नयेत म्हणून दगडावर ओचे पसरले होते, तुझ्या पोरी चावीनं दार उघडून घरात येतात.' हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आईनं कधी उलट उत्तर दिलं नाही. पण दूरदर्शनवर तो सिनेमा लागला की ती भांडी घासायला उठायची, मोलकरीण घासून गेलेली असली तरी. रडायचा सिनेमा आणि मुलांचा सिनेमा यांत फरक आहे, पिंपळकाका. पोरांना अपराधी वाटायला लावून पाया पडायला लावणं याला मनोरंजन म्हणत नाहीत.

जुना_पिंपळ
तुमच्या आजीचा राग साने गुरुजींवर काढू नका. नाशिकच्या तुरुंगात बसून त्या माणसानं हे लिहिलं. हल्ली कशालाही नावं ठेवायची फॅशन झालीय. आईची माया दाखवली तरी त्रास!

चिंचगुळी
माया दाखवण्याचा त्रास नाही. ती नेमकी कोणाला मोजायला वापरली जाते त्याचा आहे. तुमच्या रांगेतल्या एकाही पोरानं त्या संध्याकाळी आईच्या हातातली भांडी घेतली का? की पाया पडून जेवायला बसलात?

खडीसाखर
बसलेच असणार.

गडग्यावरचा
दापोलीकडचा आहे म्हणून बोलतो. दोघांनीही पुस्तक पुन्हा उघडलेलं दिसत नाही. पुस्तकातल्या 42 रात्रींतली, म्हणजे प्रकरणांतली, सगळ्यांना तेवढी दगडावरची एकच आठवते. श्याम पोहायला घाबरून माळ्यावर लपतो, तर तीच आई त्याला झोडपून विहिरीवर पाठवते. सावकाराचा माणूस वसुलीला येतो, वाटेल ते बोलतो, तेव्हा नवरा गप्प आणि ही बाई पुढे होऊन त्याला घराबाहेर काढते. नुसती सोशिक कुठे आहे? कर्जानं पिचलेल्या, भाऊबंदकीनं वेगळ्या पडलेल्या घरातली ती तिखट बाई आहे. रडका भाग आपल्या शाळांनी उचलला, कारण तो निबंधाला बरा पडतो. 2023 मध्ये सुजय डहाकेनं पुन्हा हेच पुस्तक घेतलं, कृष्णधवल, ओम भूतकर साने गुरुजी. तिथे निदान गोष्ट सांगणारा मोठा माणूस आणि त्याचा काळ तरी दिसतो.

चिंचगुळी
वसुलीवाल्याचं मी विसरले होते, मान्य. पण ते आजीनं कधी सांगितलं नाही आणि सुवर्णपदकवाले काकाही सांगत नाहीत, यातच सगळं आलं.

जुना_पिंपळ
मी सांगणारच होतो. तुम्ही मधे मधे बोलू दिलं नाहीत.

आणि हो, भांडी घेतली नव्हती. त्या काळी मुलं घेत नसत. लगेच त्यावरून कविता करू नका.

उनाड_पाटी
मंडळी, धागा फाफेचा होता हो. माझी भाची केव्हाच मोठी झाली, एवढ्यात तुम्ही 1953 वरून 2023 पर्यंत जाऊन आलात.

मूळ प्रश्न पुन्हा मांडतो. गडग्यावरच्यांच्या प्रतिसादात माझंच म्हणणं सापडतंय मला. पुस्तकातलं मुलांच्या कामाचं काय आहे हे मोठेच ठरवणार. गुरुजींच्या पुस्तकातून मोठ्यांनी अश्रू घेतले, विहिरीतली उडी सोडली. भागवतांच्या पुस्तकातून नाव आणि ट्टॉक घेतलं, शाळा सोडली. विद्याभवन ही नुसती इमारत नाहीये हो, बन्याची मस्ती तिथूनच सुरू होते. वर्ग बुडवून हेरगिरी करण्यात जी मजा आहे ती प्रवेश परीक्षा देणाऱ्याला कुठून येणार?

खडीसाखर
मुद्दा बरा आहे, पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचात की. भाचीच्या खुर्चीवर निम्मी जागा घालवलीत.

पण पैशाचं उत्तर अजून दिलेलं नाहीत. शाळकरी फाफे काढा, मी टोळी आणते. दोन रिक्षा म्हणजे सहा तिकिटं. बाकीच्या खुर्च्या कोण भरणार?

लीड्सचा_धोंडू
शाळकरी फाफे दूरदर्शनच्या मालिकेत होता ना, सुमीत राघवन? लहानपणी बघितल्याचं आठवतं. पुन्हा बघायला कुठे मिळेल?

जुना_पिंपळ
बघा, म्हणजे छोट्या पडद्यावर जमलं होतं. आमच्या काळात सगळंच जमत होतं.

फुरसुंगीचा_बन्या
तुमच्या काळात डेपोही नव्हता काका.