मानधन म्हणून अंक मिळेल

प्रूफवाली

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. मराठीत एमए झालीये, पुण्यातल्या एका सांस्कृतिक मासिकाने 'संपादन साहाय्य' करायला बोलावलंय. पैशाचं विचारलं तर उत्तर मिळालं, "शिकायला खूप मिळेल." जाऊ का, म्हणून विचारत होती.

मला पटकन काही सुचेना, कारण वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य मी ऐकलं होतं. सदाशिव पेठेत, वाड्याच्या माडीवर. मासिकाचं नाव सांगत नाही. माणसं वाईट नव्हती, उलट फार चांगली होती, आणि तीच तर अडचण होती. वाईट माणसाकडे पगार मागता येतो.

हुद्दा उपसंपादक. काम म्हणजे मुद्रितं तपासायची, विसरलेल्या लेखकांना फोन करायचे, कंपोझरच्या शेजारी बसून दुरुस्त्या घालून घ्यायच्या, अंक आला की पत्त्यांची लेबलं चिकटवून पोस्टात न्यायचा. जुलै लागला की दिवाळी अंकासाठी जाहिरातींच्या मागे. सुरुवातीला महिना चार हजार, चौथ्या वर्षी साडेचार. एका अंकात घरकामगार बायकांच्या किमान वेतनावर लेख होता. त्याची तिन्ही प्रूफं मी वाचली. लेख चांगला होता.

आता मत. कागदवाला उधारीवर थांबतो, पण कागद फुकट देत नाही. छापखाना देत नाही, बाइंडर देत नाही, टेम्पोवाला तर जिन्यात उभा राहून पैसे मागतो. फुकट चालतं ते फक्त अक्षरांचं काम: लिहिणं, तपासणं, अनुवाद. ज्याला मुद्रितशोधकाचे पैसे झेपत नाहीत त्याने मासिक राहू नये. त्रैमासिक व्हावं, पानं निम्मी करावीत. तेही झेपत नसेल तर बंद करावं. मी त्या मुलीला 'जाऊ नकोस' म्हटलं. चुकलं का?

शनिवारातला म्हातारा

चुकलं. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

नियतकालिक हे दुकान नव्हे. १५ ऑगस्ट १९४८ ला साने गुरुजींनी 'साधना' काढलं ते बाजार बघून नव्हे. १९८९ मध्ये विद्याताई बाळांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं तेव्हा कोणी त्यांना नफ्याची हमी दिली नव्हती. मुंबईत पन्नाशीच्या दशकात 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून वाटणाऱ्या कवींनी एकमेकांना पगारपत्रकं दिली असतील असं वाटत नाही. आधी पैशाची सोय आणि मग अंक, हा क्रम धरला असता तर यांतलं किती निघालं असतं?

तुम्ही चार वर्षं तिथे होतात, त्यातून भाषा हाती लागली असेल. त्याची किंमत शून्य धरून हिशेब करू नये.

प्रूफवाली

काका, भाषा हाती लागली, मान्य. घरमालक ती भाड्यापोटी घेईना.

ऑफसेट

छपाईच्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून थोडं गणित. अंक सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं अशा हिशेबाने छापतात. प्लेटा, मशीन लावणं, रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद, हा खर्च पाचशे प्रतींना आणि पाच हजार प्रतींना जवळजवळ सारखाच. खप घटला की एका प्रतीची किंमत चढते, पण छापील किंमत तेवढी वाढवता येत नाही, वर्गणीदार लगेच पोस्टकार्ड टाकतो. मग कात्री कुठे लागणार? जो बिल पाठवत नाही तिथे.

दिवाळी अंकावर वर्ष निघतं हे सगळ्यांना माहीत आहे. काशिनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा मराठीतला एकमेव खात्रीचा हंगाम. पण जाहिरातदार दिवाळीचे पैसे होळीला देतो, कधी पुढच्या दिवाळीला. तोवर आमची उधारी.

एक गोष्ट मात्र प्रूफवाल्या ताईंच्या बाजूची. हल्ली मजकूर युनिकोडमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि पानं अजून जुन्या फाँटमध्ये लागतात. रूपांतर केलं की 'दऱ्या', 'सुऱ्या', 'बिचाऱ्या' यांची चाळण होते. ते एकेक करून कोण नीट करतं? हे काम पूर्वीपेक्षा वाढलंय आणि तेच फुकटात धरलं जातं. आमच्याकडे मुद्रितशोधक नसलेले अंक येतात. ऑपरेटर मला विचारतो, "साहेब, हे असंच जाऊ द्यायचं?"

बाणेर एक्झिट

मी दुसऱ्या टोकाला आहे. एका डिजिटल माध्यम कंपनीत, बाणेरला. पगार वेळेवर, पीएफ आहे, कॉफीचं यंत्र आहे. रोज सहा रीलच्या संहिता लिहायच्या. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, एवढीच संपादकीय भूमिका. गेल्या महिन्यात एका लोककलावंतावर चाळीस सेकंदांचं केलं, त्यातली सव्वीस त्यांच्या पगडीवर गेली. 'आणि' ऱ्हस्व की दीर्घ, हा प्रश्न दोन वर्षांत एकदाही ऐकलेला नाही.

त्या मासिकाचा पत्ता द्या. शनिवारी मी फुकट जाईन.

लातूर ते पुणे

वरचा प्रतिसाद पुन्हा वाचा. शनिवारी फुकट जाता येतं कारण सोमवार ते शुक्रवार पगार चालू आहे.

इथे खरा मुद्दा कोणीच मांडला नाही म्हणून लिहितो. फुकट काम कोणाला परवडतं? ज्याचं कोथरूडला घर आहे, ज्याच्या आईच्या हातचा डबा आहे. मी २०१४ ला आलो, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहायचो, दोन वेळची मेस. मलाही एका मासिकात बोलावलं होतं. दोन महिने गेलो, तिसऱ्या महिन्यात मेसवाल्याने डबा बंद केला तसं मीही मासिक बंद केलं. आता श्रेयनामावली उघडा आणि आडनावं मोजा. ग्रामीण लेखकांचे विशेषांक निघतात, चांगले निघतात, पण टेबलाच्या त्या बाजूला आमचा माणूस बसत नाही. सेवाभाव ही चाळणीच आहे. कोणी मुद्दाम लावलेली नसेल, चाळते मात्र बरोबर.

शनिवारातला म्हातारा

भावनेचा आदर आहे, पण 'अस्मितादर्श'चं काय करायचं? गंगाधर पानतावण्यांनी ते औरंगाबादेतून चालवलं, दलित लेखकांच्या कैक पिढ्या त्यात उभ्या राहिल्या. तिथे कुठलं भांडवल होतं?

लातूर ते पुणे

काका, पानतावणे सर प्राध्यापक होते. महिन्याला पगार होता. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूला येऊन बसलं की.

प्रूफवाली

लातूरकरांना +१. काकांच्या सगळ्या यादीत हेच निघेल. 'किर्लोस्कर' घ्या. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालं, कारखान्याचं पत्रक. पुढे १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. मागे कोण होतं? लोखंडी नांगर. 'सत्यकथे'च्या मागे मौजेचा छापखाना. 'किशोर' १९७१ पासून निघतोय, मागे बालभारती. मराठी मासिक स्वतःच्या पायावर कमीच उभं राहिलंय, कोणीतरी खांदा दिलेला असतो. माझी तक्रार एवढीच की आता तो खांदा बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींचा आहे आणि त्यांना ते कोणी सांगत नाही.

माजी डेस्क

वर्तमानपत्रात गेलं म्हणजे सुटलात असं कोणाला वाटत असेल तर थांबा. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाची अधिसूचना नोव्हेंबर २०११ ची, सर्वोच्च न्यायालयाने ती फेब्रुवारी २०१४ मध्ये उचलून धरली. आमच्या ऑफिसात त्याचा परिणाम असा झाला की सगळ्यांना कंत्राटावर सह्या करायला लावल्या. तालुक्याच्या बातमीदाराचं तर विचारूच नका. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी आणेल तेवढं कमिशन, बातमीचे आभार. रात्री दीडला पान सोडून घरी जाताना मलाही वाटायचं, मासिकात असतो तर निदान झोप मिळाली असती.

बंद करा म्हणणं सोपं आहे, ताई. बंद झालेलं नियतकालिक पुन्हा निघत नाही. 'माणूस' साप्ताहिक गेलं, 'सत्यकथा' १९८२ ला गेली, ती जागा कोणी भरली?

प्रूफवाली

हे मात्र टोचलं. 'बंद करावं' मागे घेते. 'त्रैमासिक व्हावं' तसंच ठेवते.

आजीव वर्गणीदार

वाचत होतो, आता राहवत नाही. एका मासिकाची आजीव वर्गणी मी १९९१ मध्ये भरली, तीनशे रुपये. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. आजवर चारशेच्या वर अंक आले. एखादा चुकला तर फोन करून दुसरा मागवलाही आहे. इथले हिशेब वाचल्यावर लाज वाटली, पोस्टाचा खर्चसुद्धा माझ्या तीनशेत कधीच संपला असणार.

म्हणून काल कार्यालयात फोन केला. म्हटलं, वर्गणी नव्याने भरतो, माझं नाव आजीवमधून काढा. पलीकडे तरुण मुलगी होती. बराच वेळ शोधाशोध करून म्हणाली, "काका, आजीव वर्गणीदार कमी करायची नोंद दोनच कारणांनी होते. पत्ता सापडत नसेल तर, नाहीतर..." पुढचं बोलली नाही बिचारी.

ऑफसेट

देणगी म्हणून पाठवा, पावती देतात. आणि त्या मुलीला विचारा, पगार मिळतो का.

आजीव वर्गणीदार

विचारलं. म्हणाली, शिकायला खूप मिळतं.