अनुभव धागा : ठरवलं एक, झालं भलतंच

सावेडीकर
काल चर्चच्या उपासनेत एका जोडप्याची नावं पुकारली, तिसऱ्यांदा (लग्नाआधी तीन रविवार पुकारतात तशी). 'कोणाची हरकत असल्यास' म्हणून पाळकसाहेब जरा थांबतात ना, तेवढ्यात मी थेट १९९८ मध्ये पोचले.

माझंही नाव पुकारलं होतं, दोन रविवार. तिसऱ्याच्या आधी गुरुवारी निरोप आला, मुलाचं दुबईचं नक्की झालंय आणि लग्न करायचं नाही. पत्रिका वाटून झालेल्या. आई म्हणाली, या रविवारी नको जाऊ. पप्पा म्हणाले, जायचं, आणि रोजच्याच बाकावर बसायचं. पाळकसाहेबांनी सूचना वाचताना आमची ओळ गाळली आणि एकदम हंगामाच्या सणावर आले. अख्ख्या मंडळीत कोणी खोकलंसुद्धा नाही.

सण त्याच दिवशी होता. उपासनेनंतर सणाला वाहिलेल्या पिकांचा लिलाव. पप्पा आयुष्यात बोली न लावणारे, ते एका लाल भोपळ्यावर अडून बसले. वीस, पन्नास, शंभर. समोरचा गप्प बसला तरी यांनी स्वतःचीच बोली वाढवली! तीनशे पाच रुपये. खांद्यावर घेऊन घरी आले. मग आठ दिवस भाजी, भरीत, घारगे, पुन्हा भाजी. लग्नाबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

महिला संघाने भेट आधीच दिली होती, बायबलमधल्या यिर्मया २९:११ ची फ्रेम. देवाचे हिताचे संकल्प वगैरे. ती मी कपाटावर उलटी टाकली. बऱ्याच वर्षांनी बायबल अभ्यासात कोणीतरी अख्खा अध्याय वाचला. ते पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना आहे, आणि ११ च्या आधी १० आहे : सत्तर वर्षं! म्हणजे ऐकणारे बरेचसे तिथेच मरणार. आणि त्यांना सांगितलंय काय, तर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा. मला ११ पेक्षा ते ५ वं वचन लागलं. लग्न झालं नाहीच. होस्टेलच्या मुलींच्या वेण्या घालण्यात पंचवीस वर्षं गेली.

तुमचंही लिहा. चर्चमध्ये देतो तशी साक्ष नको हं, अनुभव.

आगाशीची_सून
तीनशे पाच 😭 पप्पांना सलाम सांगा

सावेडीकर
पप्पा २०११ ला गेले गं. पण सांगेन, सांगायची सोय आहे आपल्याकडे.

केळीवाला_नंदाखाल
माझा मोठा भाऊ फादर होणार होता. सात वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेत. गावात आईला 'फादरची आई' म्हणायला लागले होते, बाबांनी त्याच्या पहिल्या मिस्साच्या (उपासनेच्या) जेवणाचा हिशेबपण करून ठेवला होता. डिसेंबरमध्ये, नाताळचा गोठा बांधत होतो आम्ही, हा रिक्षातून ट्रंक घेऊन उतरला. बाबा वाडीत निघून गेले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत. आईने काही विचारलं नाही, पाचवं ताट मांडलं. दादा आज टेंपो चालवतो, भाजी दादरला नेतो. पहाटे तीनला निघतो, गाडीत रोजरीची प्रार्थना म्हणतो, मी झोपलेलो असतो बाजूला. बाबांना बोलायला दोन वर्षं लागली. ते पण टेंपोच्या हप्त्यावरून बोलले.

आगाशीची_सून
नंदाखाल? अहो मग शेजारीच की. यंदा सुकेळी (वाळवलेली केळी) कुठे मिळतील, सासूबाई विचारतायत

केळीवाला_नंदाखाल
ज्यांची सुकेळी करतात ती राजेळी केळीच कमी झाली ताई. बघतो.

रात्रपाळी_मिरज
ड्यूटीवरून लिहितेय, चुका समजून घ्या. तीन वेळा आयव्हीएफ. तिसऱ्यानंतर एका प्रार्थनासभेत एका बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, 'विश्वास कुठेतरी कमी पडतोय.' मी हात बाजूला केला आणि चप्पल घालून निघाले. चार महिने चर्च नाही. मग आमच्या पाळकबाई घरी आल्या, चहा घेतला, म्हणाल्या स्तोत्र ८८ वाच. बाकीच्या बहुतेक विलापस्तोत्रांना शेवटी कुठेतरी उजेड दिसतो, याला नाही. अंधारावरच संपतं. मी म्हटलं हे बायबलमध्ये कसं काय ठेवलं? त्या म्हणाल्या, तुझ्यासाठी ठेवलंय. मग रडले, आधी नव्हते रडले. बाळ नाही अजून, कोणी 'होईल गं' लिहू नका प्लीज. बेल वाजली, जाते

सावेडीकर
नाही लिहिणार. डबा खाल्लास का?

वाचनमात्र_सातारा
मी हिंदू आहे, सहज वाचत होतो. पण ते घरं बांधा, बागा लावा म्हणजे आमच्या तुकोबांचं 'ठेविले अनंते'च झालं ना?

पणजीची_पेटी
दादा, जवळचं आहे. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक स्वतःच म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण बागा लावा म्हणजे राहा तसे राहा नव्हे, कुदळ घ्या असं आहे. (निवृत्त शिक्षिका आहे, क्षमस्व.)

आता माझं. पणजी गुजरातेतली, १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुलींपैकी. तिला आईचं नाव आठवत नव्हतं, म्हशीचं आठवायचं. मी लहान असताना ती रमाबाईंच्या गोष्टी सांगायची, त्यात चमत्कार कमी आणि बेत फसलेले जास्त. रमाबाईंचे आईवडील आधीच्या एका दुष्काळात गेले. नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ ला, मांडीवर लेक मनोरमा. पुढे मुक्ती मिशन मनोरमा चालवणार असं ठरलेलं. तर १९२१ मध्ये तीच गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई. मधल्या त्या महिन्यांत बाई काय करत होत्या म्हणाल, तर बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. पणजी म्हणायची, 'बाई रडल्या, पण काम थांबलं नाही.' मला लहानपणी हे फार कडक वाटायचं. माझा मुलगा गेला त्या वर्षी मी शाळेच्या दोनशे उत्तरपत्रिका तपासल्या, तेव्हा पणजी कळली.

आगाशीची_सून
मावशी 🙏

पेटीमास्तर
सगळे छान लिहिताय, मी जरा वेगळा आहे. बायको २०२१ च्या मेमध्ये गेली. दफनाला चार माणसं, ती पण प्लास्टिकच्या पोशाखात, पाळक कोण ते आवाजावरून ओळखला. गीत झालं नाही. आमचं लग्न क्वायरमध्ये जमलेलं आणि तिला गीताशिवाय खाली ठेवली. तेव्हापासून आशाबिशा कोणी बोललं की डोकं फिरतं. चर्चला जातो कारण पेटी वाजवायला दुसरं कोणी नाही. वाजवतो, गात नाही.

यंदा पुनरुत्थानाच्या पहाटे कब्रस्तानात उपासना होती, पेटी उचलून न्यावी लागली. तिची कबर मागच्या रांगेत, कडुनिंबापाशी. पाळक ओरडले, 'प्रभू उठला आहे', सगळे म्हणाले, 'खरोखर उठला आहे.' त्यात माझा आवाज होता. मी ठरवलं नव्हतं. भाता सुटला हातातून, सूर गेला, पोरं हसली. एवढंच. पुढच्या रविवारी परत गायलो नाही.

रात्रपाळी_मिरज
काका

पणजीची_पेटी
कोणतं गीत राहिलं होतं तिचं? लिहू नका वाटलं तर.

पेटीमास्तर
लिहीत नाही. पण सूर काळी दोन.

वाचनमात्र_सातारा
ऑफिसात बसून हे वाचायला नको होतं.

केळीवाला_नंदाखाल
आगाशीच्या ताई, सुकेळी मिळतील, दादाला विचारलं. दोन किलो बास? तो म्हणतो माझी गोष्ट कशाला लिहिलीस. मग स्वतःच पूर्ण वाचली.

आगाशीची_सून
बास बास. सावेडीकर, ते घारगे कसे करता? माझे तेलात फुटतात

सावेडीकर
भोपळा किसून वाफवून घ्यायचा, त्यात गूळ निम्म्याला थोडा कमी. गार झाल्यावरच कणीक, आणि मावेल तेवढीच, पाण्याचा थेंब नाही. चमचाभर तांदळाचं पीठ घाल, फुटणार नाहीत. आमच्या आईने त्या भोपळ्याच्या बिया परसात टोचल्या होत्या, वेल संडासाच्या पत्र्यावर चढला. फळं धरली ती मात्र दुधी भोपळ्याची, बिया बदलल्या बहुतेक डब्यात. चला, होस्टेलचा कुकर लागलाय.