मदत हवी आहे: जीपीआर४ रोखणाऱ्या रेणूची चाचणी, पण पीएच जागेवर राहत नाही

सुजलेल्या आतड्यात पीएच उतरतो आणि पेशींवरचे प्रोटॉन ओळखणारे ग्राही (जीपीआर४, जीपीआर६५, जीपीआर६८) जागे होतात. उंदरांत जीपीआर४ किंवा जीपीआर६८ चं जनुक काढलं की कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) सौम्य होतो, जीपीआर६५ चं काढलं तर उलट बळावतो. म्हणजे तिन्ही सरसकट दाबून चालणार नाही, रेणू निवडकच हवा.

मांडणी अशी: रक्तवाहिनीच्या अस्तरपेशी, ९६ घरांची प्लेट, पीएच ६.८ आणि ७.४, मोजायचं सायक्लिक एएमपी (जीपीआर४ जागा झाला की पेशीत वाढणारा संदेशवाहक रेणू), सोबत त्याचं विघटन रोखणारं आयबीएमएक्स.

खरी डोकेदुखी माध्यमाची. बायकार्बोनेटचं माध्यम ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमधून बाहेर काढलं की वायू उडतो, पीएच चढतो. फिनॉल रेड या पीएच-दर्शकाचा पिवळट नारिंगी रंग बघता बघता लालसर होतो, काठावरच्या घरांत आधी. म्हणून बायकार्बोनेट वगळून २५ मिलिमोलर हेपेस (पीएच धरून ठेवणारं बफर) घेतलं. पण २५ अंशांना जुळवलेला त्याचा पीएच ३७ अंशांना साधारण ०.१५ ने खाली येतो (हे हमखास विसरलं जातं), आणि ६.८ ला हेपेसची पकडही सैल. तिथे पाइप्स हे दुसरं बफर बरं की हेपेस आणि एमईएस या बफरांचं एकच मिश्रण सगळ्या घरांत?

दुसरं, रेणू दुर्बल अल्कली आहे; ६.८ ला त्याचे जास्त रेणू प्रोटॉन धरतात. परिणाम ग्राहीवरचा की निव्वळ प्रभाराचा, हे कसं वेगळं काढायचं? फोर्स्कोलिनचं (ग्राहीला वगळून थेट सायक्लिक एएमपी वाढवणारं) नियंत्रण आहे. जीपीआर४ चं एसआयआरएनए (त्याचं जनुक दाबणारा आरएनए) पुरेल का?