काठावरच्या झाडीचं काय?
"आधी झाडं लावू, नदीचं नंतर बघू" असा सूर झाडं लावण्याच्या या चर्चेतल्या दोन-तीन प्रतिसादांत दिसला. मला हे पटत नाही. जंगल आणि नदी अशी वेगळी काढताच येत नाही.

नुसती काठावरची सावली घ्या. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम ७.५. काठ भादरून टाकला की उन्हाळ्यात पाणी तापतं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करू लागतात. शिवाय पडलेल्या पाचोळ्यावर पाण्यातले किडे जगतात, किड्यांवर मासे, माशांवर पाणमांजरं. (सुशोभीकरण म्हणून काठाला काँक्रीट थापणाऱ्यांना हे कोण सांगणार!)

बिघडलेलं सावरतंही. अमेरिकेतल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ दरम्यान पाडली, तेव्हा सॅमन मासे पुन्हा वरच्या प्रवाहात पोचले. सगळी धरणं पाडा असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. पण लागवड करायचीच असेल, तर पहिला पट्टा ओढ्यांच्या काठी घ्या, आणि तोही तिथल्याच मूळ जातींचा.