मदत हवी आहे: माझं चुकलं की उत्तरतालिकेचं?

तलाठी_होणारच: सराव पेपरात 'अलंकार ओळखा'ला मी 'व्याजस्तुती' लिहिलं, तालिकेत 'पर्यायोक्ती' आहे. का? उद्या परत पेपर आहे, लवकर सांगा.

वाईकर: वाक्य कुठाय दादा?

तलाठी_होणारच: नेहमीचंच हो, वडिलांचं.

वाईकर: कुणाच्या वडिलांचं??

तलाठी_होणारच: 'त्याचे वडील सरकारी पाहुणचार घेत आहेत.'

पेठेतली_मावशी: तुरुंगात आहेत हे वळसा घालून सांगितलं, म्हणून पर्यायोक्ती. 'काळाने त्याला हिरावून नेले' तसंच. पुण्यात नुसतं 'येरवड्याला आहेत' म्हणतात. पण तिथे कारागृहही आहे नि मनोरुग्णालयही, त्यामुळे पुढचं विचारावंच लागतं.

तलाठी_होणारच: पण पाहुणचार हा टोमणा आहे ना? टोमणा म्हणजे व्याजस्तुती, क्लासमध्ये असंच सांगितलं.

जुना_मास्तर: टोमणा ही खूण नव्हे. व्याजस्तुतीत वरून स्तुती नि आतून निंदा असते, किंवा उलट. 'काय तुमची तत्परता, महिन्यात एकदा तरी फोन उचललात!' ही व्याजस्तुती. तुझ्या वाक्यात स्तुती कुणाची केलीय ते दाखव.

एक_मार्क: मी फक्त 'जणू' शोधतो. दिसलं की उत्प्रेक्षा. बाकी सोडून देतो.

संस्कृतवेडा: मूळ नाव पर्यायोक्त. 'कुवलयानंद' या अलंकारांवरच्या ग्रंथात अप्पय्य दीक्षित विष्णूचं नाव न घेता म्हणतात, ज्याने राहूच्या बायकोचे स्तन व्यर्थ केले त्याला नमस्कार. विष्णूने मान उडवली, राहूचं उरलं नुसतं डोकं, मिठी मारणार कशाने?

तलाठी_होणारच: हे पेपरात येतं का?

रत्नांग्रीचो: आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. हापण अलंकार काय?

पेठेतली_मावशी: आणि बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नारळसुद्धा वाढवतात. हल्लीच्या मुलींना सांगावं लागतं.

जुना_मास्तर: हे अशुभ टाळायचे रूढ शब्द. बोलताना वळसा जाणवतच नाही. अलंकारात तो जाणवला पाहिजे.

वाईकर: मग 'हिरावून नेले' तरी कुठे जाणवतं? चौकातल्या प्रत्येक श्रद्धांजलीच्या फलकावर तेच.

जुना_मास्तर: झिजलंय खरं. पण पुस्तकात उदाहरण तेच आहे, पेपरात वाद घालू नका.

तलाठी_होणारच: बरं, समजलं. मग व्याजोक्ती वेगळी कशी? तालिकेत तेही चुकलंय माझं.

वाईकर: आधी वाक्य टाक.