संघाच्या जर्सीची बाही किती लांब असावी?

प्रश्न (खानापूर तालुका)
नमस्कार. आमच्या गावच्या युवक मंडळाच्या क्रिकेट संघासाठी नवीन जर्सी शिवून घ्यायच्या आहेत. दिवाळीनंतरच्या स्पर्धांमध्ये सकाळची थंडी बोचते, तर मार्चनंतर ऊन सोसवत नाही. त्यामुळे काही खेळाडू पूर्ण बाहीचा, तर काही अर्ध्या बाहीचा आग्रह धरत आहेत. सर्वांना एकच बाही घ्यावी की ज्याची त्याने निवडावी, आणि माप कसे घ्यावे, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निपाणी)
मी जर्सी शिवण्याच्या व्यवसायात आहे. बाही छपाईपूर्वीच निश्चित करा, कारण सब्लिमेशनच्या (उष्णतेने शाई कापडात उतरवण्याच्या छपाईच्या) जर्सीत बाहीचे तुकडे वेगळे छापून मग जोडले जातात आणि पूर्ण बाही नंतर कापून अर्धी केली, तर खालचे पट्टे व प्रायोजकाचे नाव कापले जाते. रंग व नक्षी एकच ठेवून दोन्ही प्रकारच्या बाह्या एकाच वेळी करून मिळतात, त्यामुळे संघाची एकरूपता बिघडत नाही.

पूर्ण बाहीचे माप हात सरळ सोडून घेऊ नका. फलंदाजी करताना वाकतो तेवढा कोपर वाकवायला सांगा आणि खांद्याच्या शिवणीपासून कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत टेप धरा; अन्यथा बॅट उचलताच बाही वर सरकते. रॅगलन बाहीला (गळ्यापासूनच सुरू होणाऱ्या बाहीला) खांद्यावर शिवण नसते, म्हणून तिचे माप गळ्यापासून घ्यावे लागते, आणि हा फरक शिंप्याला सांगितला नाही तर सगळ्याच बाह्या चुकतात. अर्धी बाही कोपराच्या तीन-चार बोटे वर संपावी. ती कोपराच्या खळीत आली, तर गोलंदाजाला प्रत्येक चेंडूला टोचते.

उत्तर (बेळगाव)
स्थानिक सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे माझा आग्रह गोलंदाजांपुरता आहे: त्यांना अर्धी बाहीच द्यावी. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना वाकलेला कोपर 15 अंशांपर्यंत सरळ होण्यास मुभा आहे, त्यापुढे ती फेकी गोलंदाजी ठरते; पण ते मोजायला प्रयोगशाळा लागते. आपल्या मैदानावर पंचाला केवळ डोळ्यांनी ठरवावे लागते. टेनिस चेंडूच्या सामन्यांत फेकी गोलंदाजीवरून वाद नित्याचेच, आणि ढगळ पूर्ण बाहीत कोपर झाकला गेला की प्रामाणिक गोलंदाजावरही विनाकारण संशय येतो. पूर्ण बाही नियमबाह्य नाही, हेही स्पष्ट करतो.

उत्तर (चंदगड रस्ता, बेळगाव)
पंचसाहेबांशी सहमत आहे, परंतु क्षेत्ररक्षकांचा विचार व्हायला हवा. आपल्या पश्चिम भागातील तांबड्या, खडे असलेल्या मैदानावर झेप घेतली की कोपर सोलवटतात, म्हणून यष्टिरक्षक आणि पॉइंट-कव्हरला उभे राहणारे यांना पूर्ण बाही द्यावी, मात्र कापड पातळ, जाळीदार घ्यावे. गोलंदाजाला क्षेत्ररक्षणात संरक्षण हवे असेल, तर अर्ध्या बाहीखाली घट्ट आर्म स्लीव्ह (हातावर चढवायची वेगळी बाही) घालता येते. तिच्यातून कोपराची ठेवणही दिसते. जर्सीच्या रंगाचीच घ्या, आणि मागणी नोंदवताना प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे बाहीचा प्रकार लिहून द्या.